श्रवणबेळगोळ : पंधरा दिवसांचा एक नियम

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात ग्रॅनाइटच्या दोन टेकड्यांच्या मध्ये श्रवणबेळगोळ वसले आहे. दक्षिणेस विंध्यगिरी, उत्तरेस चंद्रगिरी आणि मध्ये दगडी पायऱ्यांनी बांधलेले तळे. कन्नडमध्ये ‘बेळगोळ’ म्हणजे पांढरे तळे. ‘श्रवण’ हे ‘श्रमण’ शब्दाचे रूप, म्हणजे मुनी. मराठी कानाला मात्र त्यात ‘ऐकणे’ हाच अर्थ आधी जाणवतो.

महाराष्ट्रातील श्रावकांना हे क्षेत्र परके नाही. गोमटेश्वराच्या चरणांपाशी मराठीतील एक अतिशय जुना शिलालेख आहे. ही मूर्ती चामुंडरायाने करविली, असे तो सांगतो. सांगली-कोल्हापूरकडून यात्रेच्या गाड्या रात्री निघतात. त्यांत आरंभी स्तवने लागतात, पुढे भजने, आणि मध्यरात्रीनंतर कोणती गाणी वाजत आहेत याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.

अशाच एका गाडीत इचलकरंजीच्या एका सूतव्यापारी घराण्यातील आजोबा आणि नातू होते. नातवाने पंधरा दिवस संगीत न ऐकण्याचा नियम घेतला होता. मागांच्या खडखडाटावर उपाय म्हणून त्याने कानांत गाणी घालण्यास सुरुवात केली होती. पुढे पेढीवर, जेवताना, झोपतानाही ती सुटेनात. आपण गाणी ऐकतो की गाण्यांनी आपल्याला धरून ठेवले आहे, हे त्याला पाहावयाचे होते.

या प्रयोगाला शास्त्राचा आधार आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात भोगोपभोग-परिमाण व्रत सांगताना भोजन, वाहन, शय्या, वस्त्र, अलंकार यांच्या बरोबरीने संगीत आणि गीत यांचाही उल्लेख केला आहे. आजचा दिवस, एक रात्र, पक्ष, महिना, ऋतू अशी मुदत ठरवून केलेला त्याग तो ‘नियम’, आणि जन्मभराचा तो ‘यम’. व्यापारी मनाला ही मुदतीची भाषा सहज उमगते. दिवाळीला शिल्लक माल मोजला जातो, तो माल वाईट असतो म्हणून नव्हे. आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे कळावे म्हणून.

जैन परंपरेत संगीतालाही स्थान आहे. ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराचाच आहे. पूजेतील घंटानाद व स्तोत्रपठण नातवानेही नियमाबाहेर ठेवले होते. आपण होऊन लावलेले गाणे तेवढे वर्ज्य. तरीही पहिले चार दिवस कठीण गेले. कान रिकामे होताच मनच जुन्या चाली वाजवू लागले, आणि विनाकारण चिडचिड होऊ लागली. सवयीची किंमत ती सुटतानाच कळते.

विंध्यगिरीला सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. त्या खडकातच कोरलेल्या असून अनवाणी चढाव्या लागतात. आजोबांनी डोली नाकारली. दोघे थांबत थांबत चढू लागले. वाऱ्याचा आवाज, डोलीवाल्यांची पावले, वृद्धांचे श्वास हे सारे नातवाला स्पष्ट ऐकू येत होते. एका वळणावर टेकून आजोबा म्हणाले, “बाळ, पेढीचं काम आता झेपत नाही रे. किल्ल्या कोणीतरी घ्यायला हव्यात.” नातू चकित झाला. आजोबा पुढे शांतपणे म्हणाले, “दोन वर्षं सांगतोय.” तेच वाक्य गादीवर, त्याच्या शेजारी बसून, अनेकदा उच्चारले गेले होते.

माथ्यावर गोमटेश्वराची सुमारे 57 फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती उभी आहे. पायांपाशी वारुळे व सर्प, मांड्यांवर आणि बाहूंवर चढलेली माधवी लता. बाहुबलींच्या पित्याची, भगवान ऋषभदेवांची कथा आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त आहे. नीलांजनेचे नृत्य चालू असतानाच तिचे आयुष्य संपले. इंद्राने तत्क्षणी दुसरी नर्तकी उभी केली आणि सभेला काहीच जाणवले नाही. ऋषभदेवांना मात्र ते दिसले, आणि वैराग्य उपजले. नृत्य सर्वांसमोर होते. जागृत एकच होता.

दुसऱ्या दिवशी दोघे चंद्रगिरीवर गेले. आचार्य भद्रबाहूंच्या आणि चंद्रगुप्त मौर्याच्या स्मृतीने ही टेकडी पावन मानली जाते. तेथील शिलालेखांत सल्लेखना घेतलेल्या अनेक साधकांची नोंद आहे. तो त्याग अंतिम आणि फार मोठा. पंधरा दिवस गाणे सोडणे त्यापुढे नगण्य. परंतु आपण होऊन काही सोडता येते, हा पहिला धडा अशा लहान नियमातच मिळतो.

मुदत संपली तेव्हा नातवाने पुन्हा गाणी ऐकली. ती त्याला पूर्वीपेक्षा गोड लागली, हेही खरे. मात्र पेढीवर बसताना कान मोकळे ठेवण्याचा नियम त्याने पुढच्या महिन्यासाठी घेतला, आणि तिजोरीच्या किल्ल्या आजोबांच्या हातून स्वतःच्या हाती घेतल्या.