चौथी मात्रा

चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघे सालसा शिकू लागलो. वाचकहो, हसू नका. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चौथ्या आणि आठव्या मात्रेला थांबायचे. नाचण्यापेक्षा हे थांबणेच अवघड! ते अंगात मुरायला मास्तराला आठ महिने लागले.

गेल्या वर्षी पुण्यात शनिवार-रविवारच्या नृत्यमेळाव्याला गेलो, तर तासाभरात डोमिनिकन प्रजासत्ताकाचा बचाटा, मागोमाग अंगोलाचा किझोंबा! माझे मत तेव्हाच ठरले: एका मेळाव्यात एकच प्रकार हवा. दोन दिवसांत तीन देश शिकवणे म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. वर्गात मी असे केले, तर मुले नापास होतील.

बचाटात चौथ्या मात्रेला पाऊल हलकेच टेकवतात. मी थांबलो, हिने टेकवले, आणि जोडी फिसकटली.

"अहो, चला ना!"

मी भिंतीशी तिची पर्स धरून बसलो. ती कुणा अनोळखी आजोबांबरोबर चुकत चुकत नाचली आणि मोठ्याने हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

यंदा दोन मेळावे आहेत. एक निव्वळ सालसाचा, एक मिश्र. दोन्ही फॉर्म टेबलावर पडले आहेत. ती काही बोलत नाही. पर्स मात्र नवी आणली आहे, खांद्याला अडकवायची.