लॉग काय म्हणतो?

पीएचपीचं अपग्रेड पार पडलं, साइट उघडली, तर पांढऱ्या पानावर एकच ओळ: ५०० इंटर्नल सर्व्हर एरर. सर्व्हरवर काहीतरी बिघडलंय, एवढंच हा आकडा सांगतो. त्याने जास्त बोलू नये हेही बरोबरच. आतली माहिती परक्याला कशाला दिसायला हवी?

खरी हकीकत एरर लॉगमध्ये. आज तिथे शेवटी सापडलं: 'ईच' नावाचं फंक्शनच नाही, सोबत फाइलचं नाव, ओळ क्रमांक. उलगडा झाला. हे फंक्शन वापरू नका, असं पीएचपी ७.२ पासून बजावलं जात होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० ने ते काढूनच टाकलं. एक जुनं प्लगइन अजून त्यावरच विसंबून होतं. ते बंद केलं आणि साइट उभी राहिली.

अशा वेळी हात शिवशिवतात. परवानग्या बदला, कॅशे उडवा, सर्व्हर रीस्टार्ट करा. पण चार गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कळत नाही. आधी बॅकअप, मग लॉग, मग एका वेळी एकच बदल.

मला जास्त धास्ती वाटते ती मुक्या बिघाडाची. डेटाबेसच्या जोडणीचं एन्कोडिंग चुकलं तर पान उघडतं, पण मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ती तशीच सेव्ह झाली, तर बॅकअपशिवाय मूळ मजकूर परत मिळत नाही. त्यामानाने ५०० बरा, तो निदान थांबवतो. म्हणून अपग्रेडनंतर एक मराठी परिच्छेद लिहावा, सेव्ह करावा, पुन्हा उघडून वाचावा. लोकांनी विश्वासाने लिहिलेलं जपणं हेच या कामाचं मर्म आहे.