पेटीतला अंधार

सातेरी मधमाशी अंधारात राहते. झाडाची ढोली, खडकातली कपार, जुन्या वारुळाची पोकळी, पडक्या भिंतीतले भगदाड अशा जागी ती एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते आणि हजारो माश्यांचा संसार उजेडाकडे पाठ करून चालतो. उंच कड्याला किंवा वडाच्या फांदीला एकच मोठे पोळे उघड्यावर टांगणारी आग्यामाशी पेटीत नांदत नाही. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरीही नांदत नाही. सातेरी नांदते, कारण तिच्या लेखी पेटी म्हणजे एक नीट बांधलेली ढोलीच असते. महाबळेश्वरच्या डोंगरातला मधाचा छोटा धंदा माशीच्या या एका स्वभावावर उभा आहे, आणि त्याची मोठी अडचणही याच स्वभावातून येते. ज्या धनावर घर चालवायचे ते बंद पेटीत, अंधारात असते. वरचेवर झाकण उघडले की पिलाव्याची, म्हणजे आतल्या अंडी-अळ्यांची, ऊब मोडते, माश्या चिडतात. छळ फारच झाला तर एक दिवस राणीसकट पेटी सोडून निघून जातात. मधपाळाला म्हणून न उघडता ओळखायला शिकावे लागते. ते कुणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

पेट्या येण्यापूर्वी मध मोहोळ झाडूनच मिळे. रात्रीची वेळ, धुराचा पलिता, दोराला लोंबकळणारा माणूस. पोळे कापून पिळले की मधाबरोबर पराग आणि पिलावाही पिळला जाई, मध लवकर आंबे आणि वसाहत मोडून पडे. ही रीत माश्यांच्या मुळावर येणारी होती, हे खरे. पण कोणत्या ओढ्याकाठी कोणते झाड कधी फुलते, माशी पाण्यावरून उठून कोणत्या दिशेला जाते, हे त्या माणसांइतके कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे जे पेट्यांकडे वळले त्यांनी हे ज्ञान बरोबर आणले. डोंगरातल्या मधमाशीपालनाची खरी पूर्वपीठिका तिथे आहे.

पेटीचा इतिहास मागे शोधत गेले की तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एका माणसापाशी येऊन पोहोचतो. स्वित्झर्लंडमधला फ्रांस्वा ह्यूबर (जन्म 1750) तरुणपणीच आंधळा झाला. त्याचा नोकर फ्रांस्वा ब्यूर्नां पोळ्यासमोर तासन्‌तास बसे आणि दिसेल ते सांगे. ह्यूबर प्रश्न विचारी, नवा प्रयोग सुचवी, पुन्हा पाहायला लावी. पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी त्यांनी बनवली. राणीचे मीलन पेटीबाहेर, हवेत होते हे त्यांनी दाखवून दिले. 1792 मध्ये ही निरीक्षणे पुस्तकरूपाने आली, आणि आंधळ्या माणसाने जगाला मधमाशी दाखवली. नोकराच्या शब्दावर मालकाने इतका भार टाकावा आणि नोकराने तो इतक्या इमानाने पेलावा, याचे दुसरे उदाहरण शास्त्राच्या इतिहासात सहज सापडायचे नाही.

ह्यूबरच्या कामाचा धागा पुढे अमेरिकेतले एक पाद्री, लोरेंझो लँगस्ट्रॉथ, यांनी उचलला. पोळ्यांमध्ये जेमतेम एक सेंटिमीटरची फट ठेवली तर माशी ती मेणाने भरत नाही आणि डिंकासारख्या राळेनेही बुजवत नाही, येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवते, हे 1851 मध्ये त्यांनी हेरले. उचलता येणारी चौकट या फटीतून जन्मली. पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. लँगस्ट्रॉथ आयुष्यभर मनाच्या आजाराशी झगडले आणि पेटंट हाती असूनही त्यांना त्यातून फारसे काही मिळाले नाही; जगभरच्या पेट्या मात्र आजही त्यांच्या त्या फटीवर चालतात.

त्यांची पेटी युरोपातल्या मोठ्या माशीची होती. सातेरी अंगाने लहान. तिच्या मापाची पेटी दक्षिण भारतात फादर न्यूटन या धर्मगुरूंनी 1910 च्या सुमारास तयार केली आणि 1911 ते 1917 या काळात खेड्यातल्या माणसांना ती वापरायला शिकवली. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने 1934 मध्ये निघालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीला चरख्याच्या आणि तेलघाण्याच्या पंगतीत बसवले. महाबळेश्वरला 1946 मध्ये सरकारी पातळीवर कामाला सुरुवात झाली. आज राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे. पुण्यात 1962 मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आरंभीच्या या पायऱ्यांवर दोन धर्मगुरू भेटतात आणि एक प्रार्थनेवर विसंबणारा महात्मा. माशीच्या कामाला श्रद्धावान माणसे लागली, हा केवळ योगायोग मानणे जड जाते. ज्याला फळ लगेच डोळ्यांनी पाहायचे आहे त्याचा जीव या कामात रमत नाही.

प्रशिक्षण काही दिवसांचे असते. त्यात पेटीचे भाग समजतात: तळपाट, पिलाव्याची कोठी, तिच्यावरची मधकोठी, चौकटी, झाकण. राणी, कामकरी आणि नर ओळखता येतात, धूर किती द्यायचा ते कळते. वर्ष मात्र बारा महिन्यांचे असते, आणि प्रत्येक महिना पेटीला वेगळा. म्हणून पहिली पेटी घेणाऱ्याला गावातला जुना मधपाळ लागतोच. बरेचदा तो नात्यातला काका असतो, नाहीतर पलीकडच्या आळीतले आजोबा. त्यांचे शिकवणे शब्दांत थोडेच असते. ते शिकाऊ माणसाला पेटीच्या बाजूला, माश्यांची वाट न अडवता बसवतात आणि नुसते दार पाहायला सांगतात. माश्यांच्या मागच्या पायांना परागाच्या गोळ्या दिसल्या तर आत पिलावा आहे, म्हणजेच राणी बहुधा चालू आहे. पेटीवर टिचकी मारली आणि ‘भुस्स’ होऊन लगेच शांतता झाली तर ठीक. आवाज रडल्यासारखा लांबत राहिला तर राणी गेली असावी. पेटी मागून किंचित उचलायची, वजन हाताला कळते. दारात मेणाचा भुगा आणि जाळी दिसली तर मेणकिडा शिरला. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांतले पाणी आटले तर मुंग्या रात्रीत चढतात. वास, आवाज, वजन, ऊब यांतून पेटी वाचायला एक-दोन हंगाम जातात. तोवर शिकणारा जुन्या माणसाच्या डोळ्यांनी पाहत असतो, ह्यूबर ब्यूर्नांच्या डोळ्यांनी पाहत असे तसा.

जाणता माणूस सुरुवातीला एकच पेटी घेऊ देत नाही, दोन घ्यायला सांगतो. एक दुबळी झाली तर दुसरीतली पिलाव्याची चौकट उसनी देता येते, आणि दोन्ही शेजारी असल्या की कुठली हटकून वेगळी वागते ते कळते. वीस पेट्यांनी सुरुवात करणाऱ्यालाही तो अडवतो. या अडवण्याचा राग येतो. पैसे उभे केलेले असतात, अनुदान मिळणार असते, आणि कुणीतरी मधाचे बोट लावलेले असते. पण सातेरीची एक वसाहत डोंगरात वर्षाला साधारण 5 ते 10 किलो मध देते. मोठ्या युरोपीय माशीच्या मानाने हे थोडे आहे, आणि पहिल्या वर्षी तेवढेही हाती लागेल असे नाही. नवख्याच्या वीस पेट्या पावसाळ्यात ओस पडल्या तर पैसा जातो आणि धीरही जातो. धीर परत उभा करणे पैशाहून अवघड.

खरी कसोटी पावसाळ्याची. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आठवडेच्या आठवडे धुके हलत नाही. फुले नाहीत, असली तरी माशीला उडता येत नाही. आत साठवलेल्या मधावर वसाहत दिवस काढते. राणी अंडी घालणे कमी करते, माश्या घटतात, राखण ढिली पडली की मेणकिडा पसरतो. उन्हाळ्यात शेवटच्या थेंबापर्यंत मध काढणाऱ्याची पेटी जुलैत उपाशी मरते किंवा भुकेने निघून जाते. म्हणून जुना मधपाळ पिलाव्याच्या कोठीतल्या मधाला हात लावत नाही. तो माश्यांचा वाटा. शिवाय पेट्या आडोशाला घेतो, छपराला गवत शाकारतो, रिकाम्या चौकटी काढून जागा आवळतो आणि गरजेपुरता साखरेचा पाक देतो. त्या चार महिन्यांत मधपाळाच्या हाती एवढेच. झाकण उघडून धीर शोधायला गेला तर उरलीसुरली ऊबही जाईल. भिजत पेटीपर्यंत जायचे, तिला कान लावायचा, आत मंद गुणगुण आहे एवढे ऐकायचे आणि परत यायचे. भक्त देवळाच्या बंद दाराशी थांबतो तसे हे थांबणे आहे. ज्यांनी ते केले त्यांनाच ऑक्टोबरच्या पहिल्या उन्हात दारातून सुटणाऱ्या माश्यांची झळाळी काय असते ते माहीत.

आणि काही वर्षी तीही दिसत नाही. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला. पिलावा पोळ्यातच मरे, आणि शेकडो घरांचा जोडधंदा एका हंगामात बसला. वाचलेल्या थोड्या वसाहतींतून लोकांनी पुन्हा उभारणी केली. अशा वेळी शिकवणारा माणूस गावात असला तर आजारी पेट्या वेगळ्या केल्या जातात आणि घाबरून सगळे सोडून देण्याची घाई होत नाही.

फुलांचा काळ आला की डोंगर हिशेब चुकता करतो. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी एकामागून एक फुलतात. जांभळाचा मध गडद, जिभेवर किंचित कडसर. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी ज्या वर्षी फुलते ते वर्ष मधपाळांच्या घरात लग्नाच्या वर्षासारखे लक्षात राहते. सातेरी फार दूर जात नाही. किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच तिचा बहुतेक बाजार. धंद्याची वाढ त्यामुळे पेट्यांच्या संख्येपेक्षा भोवतालच्या झाडांवर ठरते. इथे एक जुनी श्रद्धा कामाला येते. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांतून काठीही न उचलण्याचा नेम होता, आणि म्हणून तिथे म्हातारी झाडे उरली, त्यांत ढोल्या उरल्या, ढोल्यांत सातेरी. पिढ्यान्‌पिढ्या देवाला भिऊन राहिलेल्या माणसांनी नकळत मधाचे भांडवल जपले.

पोळ्याची घरे माश्यांनी मेणाने झाकली की मध पिकला समजायचे. न पिकलेला, पातळ मध मोहाने काढला तर तो आंबतो. मधात 20 टक्क्यांहून जास्त पाणी नसावे असा नियम आहे, आणि घाटाच्या दमट हवेत तो पाळायला संयम लागतो. मधयंत्रात चौकटी फिरवून मध काढायचा, पोळे परत द्यायचे. मेण घडवण्याचे माश्यांचे कष्ट वाचतात.

पुढे विक्री. इथे गिऱ्हाइकाची अवस्था शिकाऊ मधपाळासारखीच असते, कारण बाटलीतला मध शुद्ध आहे की नाही हे त्याला पाहून कळत नाही. पाण्यात थेंब सोडणे, कागद जाळणे, कुत्र्याला हुंगवणे या घरगुती परीक्षांना काही अर्थ नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने बाजारातल्या 13 ब्रँडचे मध प्रगत चाचण्यांसह तपासले तेव्हा तीनच सगळ्या कसोट्यांना उतरले. साध्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक आता बनतात. छोट्या मधपाळाची पत अशा बाजारात त्याच्या शब्दावर उभी राहते. पावसाळ्यात दिलेल्या पाकाचा अंश विकायच्या मधात येऊ नये म्हणून फुलोरा सुरू होण्याआधी पाक बंद करणे, हे त्याने कुणी पाहत नसताना करायचे असते. तीच साखर जुलैत वसाहत वाचवते आणि एप्रिलच्या बाटलीत गेली तर धंदा बुडवते. थंडीत मध रवाळ झाला की गिऱ्हाईक ‘साखर घातली’ म्हणून परत घेऊन येते. त्याला बसवून सांगावे लागते की मधातले ग्लुकोज गोठते, कोमट पाण्यात बाटली ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. बाळाला मध चाटवण्याची चाल घरोघरी आहे; एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, हे विकणाऱ्यानेच सांगावे, एक बाटली कमी खपली तरी चालेल. अशा सांगण्यातून बांधलेले गिऱ्हाईक सहसा सुटत नाही.

एकट्याच्या दहा-वीस किलोला बाजार मिळत नाही, म्हणून मधपाळांची सोसायटी लागते: गोळा करणे, गाळणे, तपासणे, भरणे. महाबळेश्वरची ‘मधुसागर’ संस्था याच गरजेतून वाढली. तालुक्यातले मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्यामागून कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावचे नाव आले. फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासून या गावांत पेट्यांबद्दलचे जाणतेपण एका घरातून दुसऱ्या घरात जात होते.

पेट्या वाढतात त्या वाटणीने. वसाहत जोमात असताना तिच्या दोन करतात. दोनाच्या चार होतात. त्यातल्या एखाद्या अर्ध्यात राणी उरत नाही, नव्या मधपाळाच्या हातून तर हमखास. मग जुना माणूस आपल्या चांगल्या पेटीतली एक चौकट काढतो, तिच्यात ताजी अंडी आणि नुकती फुटलेली अळी आहे याची खात्री करतो, ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारच्या वाडीपर्यंत चालत नेतो आणि त्या पोरक्या पेटीत बसवून झाकण लावतो. मोबदला विचारला जात नाही. आतल्या माश्या त्यातली एखादी अळी निवडून तिला राणीचे अन्न भरवू लागतात. अंड्यापासून राणी व्हायला साधारण सोळा दिवस. मग तिचे उड्डाण, मीलन, परतणे. या सगळ्या काळात पेटी उघडायची नाही. नवखा रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिथे येऊन उकिडवा बसतो. आठवडे जातात. एका सकाळी दारातून आत शिरणाऱ्या माशीच्या मागच्या पायांना पिवळ्या परागाचे दोन गोळे असतात, तिच्यामागे दुसरीच्याही, तिसरीच्याही.