बागेत कोण नाही?

व्हिएन्नाच्या पाचव्या प्रभागात, मार्गारेटनमध्ये, आइन्झीडलरपार्क नावाची बाग आहे. राजवाडे बघायला आलेले पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. चहूबाजूंनी जुन्या इमारती, मधे झाडं, खेळाची मैदानं आणि बाकडी, एवढाच तिचा थाट. भारतातून कुणी आलं की शोनब्रुन राजवाडा दाखवून झाल्यावर मी त्यांना इथे घेऊन येते. "इथे काय बघायचं?" असं हमखास विचारलं जातं. बघायच्या आहेत त्या मुली. दहा, बारा, चौदा वर्षांच्या. शाळा सुटल्यावर दप्तर बाजूला टाकून व्हॉलीबॉल खेळणाऱ्या, किंवा नुसत्याच घोळक्याने गप्पा मारत बसलेल्या.

पूर्वी त्या इथे दिसत नसत. 1996-97 च्या सुमारास शहरातल्या बागांची पाहणी झाली, तेव्हा समाजशास्त्रज्ञांना आढळलं की नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली बागेत येतात, पण त्या वयानंतर मुली गळायला लागतात. मुलगे मात्र येतच राहतात. बागेच्या फाटकावर 'मुलींना मनाई' अशी पाटी नव्हती. कुणी त्यांना हाकलतही नव्हतं. मग झालं काय? खेळायच्या जागेसाठी मुलग्यांशी भांडायची वेळ आली की मुली माघार घेत होत्या, आणि एकदा घेतलेली माघार कायमची ठरत होती.

इथल्या बागांत 'केफिश' असतात. शब्दशः पिंजरे. चेंडू रस्त्यावर जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी उंच जाळी लावलेलं छोटं पक्कं मैदान. फुटबॉलवेड्या मुलग्यांचं ते हक्काचं ठिकाण. मोठ्या मुलग्यांचं टोळकं जाळीच्या दाराशी उभं राहिलं की आत जायला त्यांच्या अंगावरून जावं लागतं. बारा वर्षांची मुलगी ते कशाला करेल? ती घरी जाते. नकाशा काढणाऱ्याच्या लेखी मैदान सर्वांसाठी खुलं असतं, आणि प्रत्यक्षात अर्धी पोरं घरात असतात.

1999 मध्ये मार्गारेटनमधल्या दोन बागा नव्याने आखल्या गेल्या. एक ही, आणि दुसरी हल्ली ब्रुनो क्रायस्की यांच्या नावाने ओळखली जाणारी. आत शिरायला आणि फिरायला जास्त पायवाटा केल्या. व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा दिल्या. मोठ्या मोकळ्या पटांगणाचे झाडाझुडपांनी छोटे छोटे भाग पाडले, म्हणजे एकाच गटाने सगळं मैदान व्यापून टाकू नये. या बदलांना फार पैसे लागत नाहीत. मुली लवकरच परतल्या, आणि मुलगेही कुठे गेले नाहीत. दोघांना जागा पुरली.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते नव्या आराखड्याआधीचं पाऊल. कुणीतरी बागेत उभं राहून विचारलं की इथे कोण येत नाही. जे येतात त्यांना विचारून तुम्हाला फक्त त्यांच्याच गरजा कळणार. फुटबॉल खेळणाऱ्या मुलग्यांना विचारलं असतं तर त्यांनी आणखी एक पिंजरा मागितला असता, आणि शहराने तो आनंदाने बांधलाही असता.

ही नजर एका दिवसात आली नाही. 1991 मध्ये एफा काइल या नगररचनाकार बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएन्नात एक छायाचित्र प्रदर्शन भरवलं. सार्वजनिक जागा कुणाची, हा त्याचा विषय. वेगवेगळ्या वयांच्या आणि वेगवेगळ्या परिस्थितीतल्या बायका दिवसभर शहरात कशा वावरतात, कुठे अडखळतात, कुठे वळसा घेतात, हे त्यात दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी महापालिकेने महिलांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं आणि काइल त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. तिथून शहर हळूहळू बदलत गेलं.

1999 मध्ये नवव्या प्रभागात लोकांना प्रश्नावली दिली गेली: तुम्ही कुठे, कधी, कशाने जाता? पुरुषांनी पाच मिनिटांत भरून परत दिली. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी, मोटारीने नाहीतर ट्रामने. बायकांचं लिहिणं मात्र संपेना. आधी मुलाला शाळेत सोडायचं, मग कामावर, मधे डॉक्टर, येताना भाजी, मग आईकडे डोकावायचं, मग परत शाळेत. यातलं बरंचसं पायी. बसगाड्यांची आखणी करणाऱ्यांनी आजवर सकाळ-संध्याकाळची सरळ रेघ धरली होती, आणि निम्म्या शहराचा दिवस त्या रेघेत बसतच नव्हता. त्यानंतर फुटपाथ रुंद झाले, दिवे वाढले. एका मोठ्या चौकाजवळ जिना केला तोसुद्धा मधोमध उतार ठेवून, बाबागाडी ढकलत नेता यावी म्हणून.

अशा छोट्या सोयींनी पडणारा फरक मला माझ्या आईने दाखवला. ती गुडघ्यांचं दुखणं घेऊन एका उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती. तिला चर्च आणि संग्रहालयांचं फारसं कौतुक नव्हतं. पण ती रोज एकटी भाजी आणायला जायची, याचं मला नवल वाटायचं. पुण्यात तिने एकटीने बाहेर पडणं जवळपास सोडलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, इथे मधे मधे बसता येतं. आणि बाकड्याला हात आहेत, उठताना धरायला." मी त्या रस्त्याने कितीदा गेले असेन, पण बाकड्याला हात आहेत हे कधी पाहिलं नव्हतं. पाठ आणि हात असलेलं बाकडं म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर आणतं. नुसता सिमेंटचा ओटा बांधला की त्यावर तरुण मुलं बसतात आणि आजी घरात राहते.

घरांच्या बाबतीतही इथे हा विचार झाला. शहराच्या उत्तरेला, एकविसाव्या प्रभागात, 1997 मध्ये 357 घरांची वसाहत पूर्ण झाली. नाव 'फ्राउएन-वेर्क-श्टाट'. आखणी चार वास्तुरचनाकार बायकांची. स्वयंपाकघरातून खालचं हिरवं अंगण दिसतं, म्हणजे कामं उरकताना खेळणाऱ्या पोरांवर लक्ष राहतं. जिने रुंद आणि उजेडाचे, शेजारीण भेटली तर दोन मिनिटं उभं राहता येईल असे. बाबागाड्या ठेवायला मजल्यावरच जागा. वसाहतीतच बालवाडी, दवाखाना, औषधांचं दुकान. या वसाहतीशी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांचं नाव जोडलेलं आहे. त्या ऑस्ट्रियाच्या पहिल्या महिला वास्तुरचनाकारांपैकी. 1926 मध्ये त्यांनी फ्रँकफुर्टच्या कामगार घरांसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, त्यातून आजच्या आपल्या 'मॉड्यूलर किचन'पर्यंतची वाट निघते. नाझी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल त्यांनी तुरुंगही भोगला.

या वसाहतीवर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. स्वयंपाकघरातून मूल दिसेल अशी खिडकी दिली, म्हणजे स्वयंपाक आणि मूल दोन्ही बाईचंच हे गृहीत धरलं, असं काही बायकांनीच म्हटलं. व्हिएन्नाला हा धडा जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर समाजवाद्यांची सत्ता असताना शहराने श्रीमंतांवर चढता कर लावून कामगारांसाठी घरं बांधली. त्यातलं कार्ल-मार्क्स-होफ 1930 मध्ये खुलं झालं: किलोमीटरभर लांबीची इमारत, 1382 घरं, आत स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, सामायिक धुणीघरं. गरम पाण्याची, यंत्रांची ती धुणीघरं म्हणजे कामगार बायकांच्या पाठीवरचं केवढं ओझं उतरवणारी गोष्ट! पण त्या काळातल्या अशा धुणीघरांत देखरेखीच्या माणसाखेरीज पुरुषांना मज्जाव असे. धुणं हलकं झालं, पण राहिलं बाईकडेच. तरीही मी त्या खिडकीच्या बाजूने उभी राहीन. आज ज्या बाईला दोन्ही कामं करावी लागतात तिला आज उजेड आणि अंगण मिळायला हवं. नवरा स्वयंपाकघरात आला तर ती खिडकी त्यालाही उपयोगी पडेलच.

या विचाराची सगळ्यात अवघड परीक्षा दहाव्या प्रभागात, फाव्होरिटेनमध्ये चालू आहे. तिथला रॉयमानप्लाट्झ हा मोठा गजबजलेला चौक. एका बाजूला 1926 सालचं आमालियेनबाड हे सार्वजनिक स्नानगृह, समोर उन्हाळ्यात रांगा लागणारं आइस्क्रीमचं दुकान, खाली मेट्रो. भोवती तुर्की, सर्बियन, सीरियन, अफगाण कुटुंबं. काही वर्षांपूर्वी या चौकाची पुनर्रचना झाली तेव्हा परिसरातल्या मुलींशी बोलणं झालं आणि त्यांनी स्वतःसाठी जागा मागितली. त्यातून तिथे मुलींचा रंगमंच उभा राहिला. मी तिथे दोन बहिणींना फोनवर गाणं लावून नाच बसवताना पाहिलं आहे. मोठी मोजत होती, धाकटी चुकत होती, आणि पलीकडच्या बाकड्यावर डोक्याला रुमाल बांधलेली त्यांची आई भाजीची पिशवी पायाशी ठेवून निवांत बसली होती. त्या मंचावर चढायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

पण हाच चौक आणि आसपासचे रस्ते 2024 मध्ये शस्त्रबंदी क्षेत्र म्हणून जाहीर करावे लागले, कारण चाकूहल्ले वाढले होते. चांगल्या आखणीने बेकारी जात नाही, अमली पदार्थ विकणारे जात नाहीत. हे मी लपवणार नाही. काही जण त्यावरून म्हणतात की मंच, बाकडी ही सगळी उधळपट्टी होती. मला अगदी उलट वाटतं. चौकात मुली, आया आणि म्हातारी माणसं जितकी कमी, तितका तो चौक टोळक्यांच्या हाती लवकर जातो. पोलीस हवेतच, पण पोलिसांच्या भरवशावर कुठलीच आई मुलीला नाच बसवायला पाठवत नाही. तिथे आणखी बायका बसलेल्या दिसल्या तरच ती पाठवते.

आणि व्हिएन्नालाही अजून खूप काही करायचं आहे. इथल्या बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांची मुतारी फुकट आणि दार असलेल्या संडासाला पन्नास सेंट. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला मुंबई आठवली. तिथे 2011 मध्ये कार्यकर्त्या बायकांनी 'राइट टू पी'ची चळवळ सुरू केली ती याच मुद्द्यावर: पुरुषांना मुतारी मोफत आणि बाईकडून मात्र पैसे. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईवरचं पुस्तक आलं. बाईला शहरात काही काम नसताना नुसतं रेंगाळायचा हक्क आहे, ही त्यातली मांडणी. नगररचनेचं शहाणपण युरोपातून आयात करायची आपल्याला गरज नाही, ते मराठी मुलखातच लिहून ठेवलेलं आहे. ते महापालिकेच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

पुण्याला गेले की मला एक गोष्ट फार लागते. आपल्या महापालिकेच्या अनेक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. सकाळी चालणाऱ्या काकांची सोय होते, संध्याकाळी मुलाबाळांची. पण घरकाम करणाऱ्या मावशींची दोन घरांमधली सुट्टी नेमकी दुपारची असते. डबा खायला, पाय लांब करायला, नळाचं पाणी प्यायला, संडासला जायला त्यांना जागा हवी असते, आणि त्या वेळी फाटकाला कुलूप असतं. मग त्या कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात बसतात, तिथूनही वॉचमन उठवतो. दुपारी बाग उघडी ठेवायला नवा आराखडा लागत नाही, कोट्यवधींचं टेंडर लागत नाही. एका माळीदादाची जादा पाळी आणि स्वच्छतागृहाची किल्ली, एवढ्याने काम भागतं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या घराजवळच्या बागेत या आठवड्यात एकदा दुपारी दोनला आणि एकदा संध्याकाळी सातला जा आणि कोण कोण दिसतं ते वहीत लिहा. मुलगे किती, बारा वर्षांवरच्या मुली किती, काठी घेऊन चालणारी माणसं किती, काम करून थकलेल्या बायका किती. फाटकाला कुलूप असेल तर तेही लिहा. मग ते पान घेऊन नगरसेवकाकडे जा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा तेच पान जोडून अर्ज द्या, आणि तो अर्ज लिहायला घरातल्या मुलीला आणि कामाला येणाऱ्या मावशींना शेजारी बसवून घ्या.