ग्राहकाचा एकांत

संज्ञापनाचा सिद्धांत शिकवताना ‘प्रेषक’ आणि ‘ग्राहक’ हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्यांतला ‘ग्राहक’ मला खऱ्या अर्थाने उमगला, तो ‘क्वोट्रेक’विषयी वाचताना. १९८०च्या दशकात अमेरिकेत वापरात असलेला, हातात धरण्याजोगा हा रेडिओ-संच. त्यातून गाणे ऐकू येत नसे. पडद्यावर समभागांचे भाव उमटत. एफएम केंद्राच्या संगीतासोबत, कानाला न कळणाऱ्या उपवाहक लहरीवरून (सहसा ६७ किंवा ९२ किलोहर्ट्झ) असे भाव पाठवले जात. भावांचा ओघ सर्व संचांपर्यंत सारखाच पोचे. त्यातून आपल्या मालकाला हवे तेवढे वेचण्याचे काम संच करी. त्यामुळे कोणाचा जीव कोणत्या कंपनीत अडकला आहे, हे त्या लहरींवरून प्रसारकाला कळण्याचा मार्गच नव्हता.

आज मोबाइलवर आपण भाव विचारतो, आणि त्या विचारण्याची कुठेतरी नोंद होऊ शकते. माहिती तीच, ग्राहकाचा एकांत मात्र गेला.

छापील पुस्तकाचा वाचकही त्या संचासारखाच. तो कोणत्या ओळीवर थबकला, हे पुस्तक कोणाला सांगत नाही. ई-पुस्तक सांगू शकते. वाचनाच्या सवयी बदलल्या म्हणून आपण हळहळतो. पण कोणालाही न कळता थबकण्याची ही मोकळीक जपायला हवी, असे मला अधिक तीव्रतेने वाटते.