लाखामागे किती

‘एरिया सेफ आहे ना रे दादा?’ लातूरहून चुलतबहिणीचा फोन होता. तिची लेक पुण्यात नोकरीला येणार, कोथरूडमध्ये आमच्या घराजवळच पीजी बघितलेलं. मी ताबडतोब ‘हो, एकदम सेफ’ म्हणून टाकलं. आजही तेच म्हणेन. पण कशावरून म्हणतो, हे कुणी विचारलं तर सांगताना माझी पंचाईत होईल.

आकडे शोधायला जावं, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल असतो. त्यात राज्यं असतात, मोठी शहरं असतात; आमची गल्ली नसते. गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात आणि महानगरांच्या तक्त्यांत ती लोकसंख्या २०११च्या जनगणनेची धरलेली असते. त्यानंतर बाणेर-वाघोलीकडे येऊन राहिलेली माणसं गुन्ह्यांच्या नोंदीत येतात, पण ज्या आकड्याने भागायचं त्यात ती नाहीतच. शिवाय २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, म्हणजे पुण्याची पोलिसी हद्दच बदलली. आधीचं पुणे आणि नंतरचं पुणे एका ओळीत मांडून तुलना करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

सगळ्यात मजेशीर वर्ष २०२०चं. देश घरात कोंडलेला, रस्ते ओस, आणि देशातला गुन्ह्यांचा दर लाखामागे ३८५.५वरून ४८७.८वर गेला. चोऱ्या उलट घटल्या होत्या. वाढली ती सरकारी आदेश मोडल्याची प्रकरणं. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८खाली २०१९ साली २९,४६९ गुन्हे होते, ते वर्षभरात ६,१२,१७९ झाले. भाजी आणायला बाहेर पडलेला, मास्क न लावलेला, टेकडीवर फिरायला गेलेला, असे सगळे त्या आकड्यात दाटीवाटीने बसलेत. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो अहवाल स्वतःच सांगतो. ते वाक्य वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत काही पोचत नाही.

नोंदीचा दुसरा मासला आपल्या खिशातला. पीएमपीच्या गर्दीत मोबाइल मारला जातो. चोरीचा गुन्हा नोंदवायचा तर जबाब आला, हेलपाटे आले. त्यापेक्षा ‘गहाळ’ म्हणून ऑनलाइन अर्ज केला की दाखला मिळतो, नवं सिम मिळतं, काम झालं. पोलिसांनाही ते सोयीचं, आपल्यालाही. चोर मात्र आकडेवारीतून अलगद निसटतो. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घेतलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात बजावलं. पण तक्रारदारालाच नको असेल तर न्यायालय तरी काय करणार?

भीतीचं गणित आणखी निराळं. मी शाळेत होतो तेव्हाचं पुणे आठवतं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात इथे दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. संध्याकाळ झाली की आई दाराला कडी, वर अडणा घालायची आणि ‘कोण?’ विचारल्याशिवाय उघडायचं नाही अशी ताकीद असायची. दहा हा आकडा लाखामागे काढला तर किती भरेल? पण त्याने अख्खं शहर घरात बसवलं. खुनी निघाले टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी. रोज दिसणारी, चहाच्या टपरीवर उभी राहणारी पोरं. १९८३ साली येरवड्यात त्यांना फाशी झाली. पण दारं पुन्हा पहिल्यासारखी उघडी राहिली नाहीत, निदान आमच्या वाड्यातली तरी.

संशय मात्र आपण आजही बाहेरून आलेल्या माणसावरच घेतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याकाठी एकदा तरी सीसीटीव्हीतला धूसर फोटो येतो आणि खाली ‘संशयित महिला, सावध राहा’. बहुधा ती भंगार गोळा करणारी असते. कळकट लुगडं, खांद्यावर पोतं, एवढा पुरावा आम्हाला पुरतो. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. पारध्यांच्या मागचा पोलीस आणि आमच्या ग्रुपवरचा फोटो मात्र राहिला. घराच्या आतलं कुणी ग्रुपवर टाकत नाही. देशात २०२२ साली स्त्रियांविरुद्ध जे गुन्हे नोंदले गेले, त्यांतले ३१.४ टक्के नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे होते. त्याला कुठला वॉचमन अडवणार? आणि ‘डिजिटल अरेस्ट’वाला तर फाटकाकडे फिरकतही नाही. तो थेट आजोबांच्या मोबाइलवर, अंगात पोलिसाचा गणवेश घालून येतो.

तरीही मी बहिणीला ‘सेफ’ म्हणालो, ते आमच्या कोपऱ्यावरच्या माणसांच्या जिवावर. रात्री साडेअकरापर्यंत भुर्जीची गाडी, पहाटे दूधवाले, दुपारी इस्त्रीवाला. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ साली पुस्तक लिहून हेच मांडलं होतं, की रस्त्याची राखण पोलिसांपेक्षा तिथे कामधंद्याने असलेली, येणारी-जाणारी माणसं जास्त करतात. आमच्या भागात याचा दाखला रोज मिळतो. बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा भरदुपारी उचकटला जातो तो बहुतेक गेट लावलेल्या, निवांत इमारतींत. भुर्जीवाल्याला मात्र कुठल्या मुलीला कोण सोडायला येतं हे ठाऊक असतं. त्याचीही थोडी अडचण आहे म्हणा. ही राखण आणि चांभारचौकशी यांच्यातली रेषा फार बारीक. पीजीतल्या मुली त्या नजरेला कंटाळतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

गेल्या वार्षिक सभेत सुरक्षेचा विषय निघाला. फाटकाला बूम बॅरियर, आणखी कॅमेरे, आणि ‘बाहेरच्यांचा वावर नको’ म्हणून पार्किंगमधल्या इस्त्रीवाल्याने टेबल उचलावं, असे तीन ठराव. पहिल्या दोन्हींना मी हात वर केला. तिसऱ्याला विरोध करणारे आम्ही दोघंच निघालो, मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. दुपारी कोण आलं, कोण गेलं हे सगळं त्यालाच माहीत असतं, असं मी म्हणून पाहिलं. चेअरमन म्हणाले, आता कॅमेऱ्यात दिसेल की. आजींनी फक्त विचारलं, ‘मग माझे कपडे वर कोण आणून देणार?’ ठराव बहुमताने मंजूर झाला.