टेबलापर्यंत पोचण्याचे कष्ट

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर किंवा अपघातानंतर माणसाला रोजचं काम पुन्हा करता यावं, यासाठी शरीर, साधनं आणि जागा यांचा मेळ बसवणं हा माझा व्यवसाय. अलीकडे पुण्यातल्या आयटी कंपन्यांतले रुग्ण ‘ऑफिसला या’ असा ईमेल घेऊनच येतात. ऑफिसात रॅम्प असतो, लिफ्ट असते. पण माझ्या रुग्णांचे खरे कष्ट त्या रॅम्पपाशी पोचण्याआधीच सुरू झालेले असतात.

मज्जारज्जूला इजा झालेला, व्हीलचेअर वापरणारा प्रोग्रॅमर घ्या. शौच, अंघोळ, कपडे यांतच त्याची सकाळ जाते. अशा अनेकांना दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. बसल्या जागेवरचा दाब अधूनमधून हलका केला नाही तर त्वचेला जखम होते आणि ती भरायला महिने लागू शकतात. हिंजवडीच्या कोंडीत अडकलेल्या कॅबमध्ये कॅथेटर घालणं अशक्यच. म्हणून तो पाणी पिणं कमी करतो. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप, रजा. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अनेक रुग्णांना उष्णता सोसत नाही. शरीराचं तापमान जरा वाढलं की नजर धूसर होते, पाय जड होतात. एप्रिलमधल्या बसप्रवासानंतर हजेरी लागते तेव्हा त्यांची बरीचशी ताकद खर्च झालेली असते.

सगळ्यांनी घरीच बसावं, असं मी म्हणत नाही. काही तरुणांना ऑफिस मनापासून हवं असतं. घरच्यांच्या सततच्या काळजीतून तेवढीच मोकळीक. निवड त्यांची असावी.

नोकरी सांभाळून घरातल्या अपंग माणसाची देखभाल करणाऱ्यांची मला जास्त चिंता वाटते. त्यांच्याकडे दाखवायला प्रमाणपत्रही नसतं. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के. ऑफिसची सक्ती झाली की नोकरी कोण सोडतं, ते मी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरी पाहते. बहुतेक वेळा आई.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण बंधनकारक केलं आहे. एचआरकडे ते लेखी मागा, असं मी रुग्णांना सांगते. देखभाल करणाऱ्याची व्याख्याही याच कायद्यात आहे. बिनपगारी आईवडील तिच्यात येतात. नोकरीतल्या सवलतीचा हक्क मात्र त्या व्याख्येला जोडलेला नाही. केंद्र सरकारनं 2014 मध्ये दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना फिरत्या बदल्यांतून सूट देण्याचे निर्देश दिले. खासगी कंपन्यांनी त्याच धर्तीवर घरून काम करण्याची मुभा द्यावी.

आणि कायमच्या अपंगत्वाचा पुरावा पुन्हा पुन्हा मागणं थांबवावं. 2020 पासून या माणसांनी घरून काम करून दाखवलं आहे. त्याच्या नोंदी कंपनीकडेच आहेत; निर्णयाआधी त्या उघडून पाहाव्यात.